लोणार ज्वालामुखी नाही, मग बुलढाण्याचा काळा दगड आला कुठून?

(ऐकायला वेळ नसलेल्या आणि वाचायला आवडणाऱ्या मंडळींसाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलणं जवळपास जसंच्या तसं ठेवलंय. वेळा दिल्यात, म्हणजे हवा तो तुकडा थेट ऐकता येईल.)

००:०० काठावरचा प्रश्न

आजचा भाग आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला आहे, पण विषय जमिनीच्या खूप खालचा आहे. आज बोलायचंय मॅग्माबद्दल. शाळेच्या पुस्तकात ज्याला शिलारस म्हणतात, तोच.

लोणार सरोवराच्या काठावर पाच मिनिटं उभं राहिलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. सहलीला आलेल्या ग्रुपमधलं कुणीतरी खाली बघत म्हणतं, "हे ज्वालामुखीचं तोंड आहे ना?" तसं वाटणं साहजिक आहे. गोल खड्डा, सगळीकडून कडा, मधोमध पाणी आणि आजूबाजूला काळाकुट्ट दगड. टीव्हीवर बघितलेला ज्वालामुखी असाच तर दिसतो.

आता गंमत बघा. तो काळा दगड खरोखरच ज्वालामुखीचा आहे. पण खड्डा ज्वालामुखीचा नाही. दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि खड्डा त्यामानानं अगदी कालपरवाचा.

मग प्रश्न असा की एवढा दगड ओतणारा ज्वालामुखी गेला कुठे? त्याचा डोंगर का दिसत नाही? त्याचं तोंड कुठंय? याचं उत्तर मॅग्माच्या स्वभावात आहे. तो स्वभाव कळला की आणखी दोन गोष्टी सुटतात. आपल्या पायाखाली अजून काही धगधगतंय का, हा एक. आणि शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं, आपल्या विहिरीला का नाही, हा दुसरा. वऱ्हाडात या दुसऱ्या प्रश्नापायी लोकांचे लाखो रुपये जमिनीत जातात, त्यामुळे तो मी मुद्दाम घेणार आहे.

०२:१० पृथ्वीच्या पोटात लाव्हा भरलाय का?

आधी शब्द स्पष्ट करू. वितळलेला खडक जमिनीच्या आत असतो तोपर्यंत तो मॅग्मा. बाहेर आला की लाव्हा.

बऱ्याच जणांना वाटतं की वर पातळ कवच आहे आणि खाली सगळीकडे उकळता लाव्हा भरलाय. तसं नाहीये. कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, ते जवळजवळ सगळं घन आहे. प्रचंड तापलेलं, पण घन. तापलेलं असून वितळत का नाही? वरच्या दाबामुळे.

घरातला कुकर आठवा. साधं पाणी शंभर अंशाला उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून तिथे पाणी शंभरच्या वर गेलं तरी लगेच उकळत नाही. खडकाचंही काहीसं तसंच आहे. दाब जास्त असेल तर वितळायला जास्त उष्णता लागते. आता हा तापलेला घन खडक हळूहळू वर सरकला, तर त्याच्यावरचा दाब कमी होतो. उष्णता तेवढीच राहते, पण दाब उतरतो, आणि मग त्यातला थोडा भाग वितळतो. बाहेरून कुणी जाळ लावायची गरज नाही. मॅग्मा तयार होण्याची ही एक मोठी रीत.

दुसरी रीत पाण्याची. समुद्राखालचं एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतं तेव्हा ते पाणी घेऊन खाली जातं. हे पाणी तापलेल्या खडकात मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. अंदमानातलं बॅरन बेट, इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान इथले ज्वालामुखी या प्रकारातले.

वितळलेला खडक भोवतालच्या घन खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो भेगांमधून वर येऊ लागतो. वाटेत कधी एखाद्या जागी साठतो. त्या साठ्याला मॅग्मा कोठी म्हणतात. पण कोठी म्हणजे रिकाम्या हौदात भरलेलं द्रव असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. बऱ्याचदा ते स्फटिक आणि द्रव यांचं दाट मिश्रण असतं, भिजलेल्या रवाळ गाळासारखं.

०४:४५ चहा आणि पिठलं

आता मुद्द्याचं. काही ज्वालामुखी शांतपणे वाहतात, काही बॉम्बसारखे फुटतात. असं का?

गॅसवर एकीकडे चहा ठेवा आणि दुसरीकडे पिठलं. दोन्ही उकळू द्या. चहात बुडबुडे भराभर वर येतात, फुटतात, वाफ निघून जाते. फार तर उतू जातो. पिठल्यात काय होतं? बुडबुडा आत अडकतो, मोठा होतो आणि मग 'फट्' करून फुटतो. हातावर चटका बसतो, कट्टा खराब होतो. वाफ दोन्हीकडे आहे. फरक घट्टपणाचा आहे.

मॅग्माचा घट्टपणा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे त्यातली सिलिका, वाळूत जी असते तीच. सिलिका जास्त असेल तर तिचे अणू एकमेकांना साखळीसारखे धरून ठेवतात आणि मॅग्मा घट्ट होतो. दुसरी गोष्ट तापमान. जितका गरम, तितका पातळ.

आपल्या दख्खनचा खडक म्हणजे बेसाल्ट. त्याच्या मॅग्मात सिलिका साधारण ५० टक्के, आणि बाहेर पडताना तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. असा लाव्हा मधासारखा किंवा त्याहून थोडा घट्ट असतो. म्हणजे आरामात वाहतो. याच्या दुसऱ्या टोकाला रायोलाइट. सिलिका ७० टक्क्यांच्या वर, तापमान ७०० ते ८५० अंशांच्या आसपास. हा बेसाल्टपेक्षा लाखो पटींनी घट्ट असू शकतो. वाहणं सोडाच, तो नळीत बुचासारखा अडकतो.

०६:३० सोड्याची बाटली

घट्टपणाच्या जोडीला हवा वायू. मॅग्मात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. खोलवर दाब जास्त असतो तोवर ते दिसत नाहीत. सोड्याची बंद बाटली बघा, आत एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण उघडलं, दाब उतरला की सगळे बुडबुडे एकदम बाहेर.

मॅग्मा वर येतो तसं त्याच्यावरचं झाकण हळूहळू उघडत जातं. पातळ बेसाल्टमध्ये बुडबुडे सुटून वर निघून जातात. लाव्हाचं कारंजं उडतं, नदी वाहते, पण डोंगर फुटत नाही. घट्ट मॅग्मात मात्र बुडबुड्यांना निसटायला वाट नसते. ते फुगत जातात, दाब वाढत जातो, आणि एका क्षणी सगळा मॅग्माच फेसासारखा होऊन त्याचे तुकडे तुकडे होतात. ज्वालामुखीची राख म्हणतात ती हीच. त्या राखेत जळलेलं काही नसतं. ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते.

१९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो असाच फुटला. राख ३५ किलोमीटरपर्यंत वर गेली. त्याच्या गंधकामुळे पुढे वर्षभर पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. याउलट हवाईमधला किलाउएया २०१८ मध्ये फुटला तेव्हा लाव्हा वस्तीतून वाहत गेला, सातशेवर बांधकामं गाडली गेली, पण लोकांना बाहेर पडायला वेळ मिळाला. तुम्ही आइसलंडचे ते ड्रोन व्हिडिओ बघितले असतील, लाल नदी आणि बाजूला उभे राहून बघणारे लोक. तोही बेसाल्टच. पिनाटुबोजवळ असं उभं राहायचा कुणी विचारही केला नसता.

आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी म्हणजे बॅरन बेट. तो जवळपास दीडशे वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्या भागात जहाजावर काम करत होते. त्यांना तो राख आणि लाव्हा फेकताना दिसला. तिथलाही मॅग्मा बराचसा बेसाल्टच्या जवळचा आहे, पण त्यात पाणी जास्त, म्हणून तो अधूनमधून उसळतो.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण लोणारला तो कामाला येणार आहे. पातळ बेसाल्टसुद्धा एका परिस्थितीत जोरात फुटतो: वर येताना त्याला भूजल किंवा समुद्राचं पाणी भेटलं तर. पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेच्या स्फोटानं जमिनीत गोल खड्डा पडतो.

०९:२० तोंड नसलेला ज्वालामुखी

आता दख्खन. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते त्या प्रवासात तो प्रावरणातल्या एका अतिशय तापलेल्या जागेवरून गेला. ती जागा आजही आहे, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली. तिथला ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओततो. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला दगड ज्या चुलीवर वितळला, ती चूल अजून पेटलेली आहे. आपणच हजारो किलोमीटर पुढे निघून आलोय.

तेव्हा जे झालं ते एखाद्या डोंगराच्या टोकातून झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ बेसाल्ट वाहिला. भूगोलाच्या पुस्तकात याला भेगीय उद्रेक म्हणतात. पातळ लाव्हा पसरतो, त्याचा उंच शंकू होत नाही. तांब्यातून पाणी ओतून ढीग करता येतो का? तसंच ते. म्हणून महाराष्ट्रात ज्वालामुखीचा डोंगर शोधत फिरलात तर मिळणार नाही. अख्खं पठारच ज्वालामुखीनं बनवलेलं आहे.

त्या भेगांचं पुढे काय झालं? शेवटचा मॅग्मा त्यातच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला की तो भिंतीसारखा उभा दिसतो. नाशिक, धुळे, नंदुरबारकडे आणि कोकणपट्टीत अशा भिंती भरपूर आहेत. दख्खनच्या ज्वालामुखीचं तोंड बघायचंच असेल, तर ते हे.

आकडे ऐका. आज शिल्लक असलेला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच दगडाचा. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे विंधण घेतलं, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला.

लाव्हा एवढ्या लांब गेला कसा, थिजला का नाही? दुधावर साय धरते ना, तसं लाव्हाच्या वर कवच धरतं. सायीखालचं दूध बराच वेळ गरम राहतं. कवचाखालचा लाव्हाही गरम राहून आतल्या आत पुढे सरकतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट मिळतो, तो दख्खनमधूनच जवळपास हजार किलोमीटर वाहत गेला असावा असं अभ्यासक मानतात.

शांतपणे वाहतो म्हणजे निरुपद्रवी असतो, असं मात्र समजू नका. १७८३ मध्ये आइसलंडमधल्या लाकी इथे अशीच भेग उघडली. आठ महिने लाव्हा वाहत होता, साधारण १५ घन किलोमीटर. लाव्हानं फारसं कुणी मेलं नाही. पण त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलंडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. दख्खनमधला एकेक मोठा प्रवाह लाकीच्या कितीतरी पट होता. डायनासोर संपले त्याच काळात हे चालू होतं. मेक्सिकोजवळ आदळलेला लघुग्रह मोठा गुन्हेगार होता, यावर आता बहुतेकांचं एकमत आहे. दख्खनच्या वायूंचा त्यात किती हात होता, यावर वाद चालू आहे.

१२:५० मग लोणार कशाचा?

आता परत काठावर येऊ. लोणारचा खड्डा साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. आपल्याकडे अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून लोणासुराची कथा आहे, विष्णूनं त्याला मारलं ती जागा म्हणून. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं.

भूगर्भशास्त्रज्ञांनी मात्र बराच काळ याला ज्वालामुखीच मानलं. सगळीकडे बेसाल्ट दिसत असताना दुसरं काय मानणार? आणि मघाशी सांगितला तो वाफेच्या स्फोटाचा पर्याय होताच. अमेरिकेतल्या अरिझोनातल्या खड्ड्याचंही हेच झालं होतं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या मोठ्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात तो बघितला आणि वाफेच्या स्फोटानं झाला असावा, असा निष्कर्ष काढला. तो उल्केचाच खड्डा आहे हे १९६० मध्ये पक्कं झालं.

मॅग्माबद्दल आतापर्यंत जे बोललो, ते घेऊन आपण स्वतः तपासणी करू.

पहिला प्रश्न. इथे ज्वालामुखी फुटला असता, तर त्याचा स्वतःचा नवा लाव्हा किंवा राख आजूबाजूला पडली असती. लोणारच्या कडेला जो मालमसाला आहे, तो तोच जुना साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट आहे, फक्त तुटून, भाजून, उधळून पडलेला. नव्या मॅग्माचा पत्ता नाही.

दुसरा प्रश्न. कडेवरचे थर कसे आहेत? दख्खनचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे आडवे असतात. लोणारच्या कडेला ते वर उचलले गेलेत आणि बाहेरच्या बाजूला झुकलेत. कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटर उंच आहे. म्हणजे आतून बाहेर जोराचा धक्का बसलाय. एवढ्यावरून स्फोट झाला हे कळतं, पण कशाचा ते नाही. वाफेचाही असू शकतो.

तिसरा प्रश्न निर्णायक. दाब किती होता? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं सरोवराच्या तळाशी विंधणं घेतली. गाळाखालच्या तुटक्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. बेसाल्टमध्ये फेल्स्पार हे खनिज असतं. त्याला काही लाख वातावरणांइतक्या दाबाचा तडाखा बसला, तर ते न वितळताच आतून काच बनून जातं, बाहेरचा आकार तसाच ठेवून. आता मघाशीचे बुडबुडे आठवा. मॅग्मातला वायू खडक फोडण्याइतका दाब साठवू शकतो. पण त्याआधीच खडक फुटतो आणि दाब निघून जातो. लाखो वातावरणांच्या जवळपासही ज्वालामुखी जात नाही. एवढा दाब क्षणात देणारी निसर्गातली एकच गोष्ट आहे: सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं आदळणारा आकाशातला दगड.

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ यांनी हा पुरावा १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. तेव्हापासून लोणार हा बेसाल्टमधला उल्कापाताचा खड्डा म्हणून जगभर ओळखला जातो. असे खड्डे पृथ्वीवर फारच थोडे आहेत. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच आहे. म्हणून तिकडचे खड्डे समजून घ्यायला लोक आपल्या लोणारला येतात.

त्याचं वय किती? एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. यावर अजून काम चालू आहे. पण कुठलंही धरा, दख्खनच्या लाव्हाला थंड होऊन तेव्हा सहा कोटींहून जास्त वर्षं उलटून गेली होती.

१६:३० बुडबुडे आणि तुमची विहीर

आता तुमच्या शेतात येऊ.

लाव्हाचा एक प्रवाह थांबतो तेव्हा त्यातले वायूचे बुडबुडे वर चढत असतात. वरचा भाग आधी थिजतो, म्हणून ते तिथेच अडकतात. म्हणजे प्रत्येक थराचा वरचा भाग जाळीदार होतो आणि मधला भाग भरीव, घट्ट राहतो. विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसाला हे बरोबर माहीत असतं. भरीव तो काळा पाषाण. ठिपक्या-ठिपक्यांचा तो मांजऱ्या. ते पांढरे ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर पाण्यातून साचलेली खनिजं. पोकळी मोठी असेल तर आत झिओलाइट किंवा गारगोटीचे सुंदर स्फटिक मिळतात. जगातल्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे असे नमुने ठेवलेले आहेत.

दोन प्रवाहांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल थर दिसतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे नक्की बघा, काळ्यामध्ये विटकरी पट्टा. तो थर म्हणजे लाव्हा थांबल्याची खूण. प्रवाह थंड झाला, वर ऊन-पाऊस पडला, माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला.

पाणी कुठे साठतं? भरीव पाषाणात भेगा नसतील तर जवळजवळ काहीच नाही. पाणी मिळतं ते झिजलेल्या मुरुमात, भेगाळलेल्या पाषाणात, जाळीदार मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. पण मांजऱ्याच्या सगळ्या पोकळ्या खनिजांनी भरल्या असतील आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर तिथेही हात रिकामाच.

म्हणून शेजाऱ्याला साठ फुटांवर पाणी आणि आपल्याला दोनशे फुटांवर धूळ, असं होतं. त्याची विहीर भेगाळलेल्या भागात उतरली, आपली भरीव पाषाणात. यात नशीब थोडं आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कसा थिजला हे जास्त. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. बोअर आणखी खोल नेलं म्हणजे पाणी लागेलच, असं बेसाल्टमध्ये नसतं. खाली पुन्हा भरीव थर असू शकतो. पैसे घालण्याआधी आजूबाजूच्या विहिरींमध्ये कुठल्या खोलीवर कुठला दगड लागला, हे विचारून वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं काम हेच आहे, त्यांचा सल्ला घ्या. आणि पावसाचं पाणी मुरवायचं असेल तर बंधारा भरीव पाषाणावर बांधून उपयोग नाही, खाली मुरायला वाट असलेली जागा बघावी लागते.

घाटाखालच्या, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या मंडळींनी गोंधळून जाऊ नका. तुमच्याकडे पूर्णेनं आणलेला गाळ जाड आहे, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.

१८:५० पुन्हा फुटेल का?

जमिनीतून आवाज आला, भूकंप झाला की व्हॉट्सअॅपवर लगेच फिरतं, ज्वालामुखी जागा होतोय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची भीती मराठवाडा-विदर्भात अजून आहे, आणि ती खरी आहे. पण तो भूकंप खडकात साठलेल्या ताणामुळे झाला, मॅग्मामुळे नाही. किल्लारीला बेसाल्टखाली जुना, घन, अतिशय पुरातन खडक लागला. कोयनेला शास्त्रज्ञ तीन किलोमीटर खोल गेले, तिथेही बेसाल्टखाली ग्रॅनाइटसारखा खडकच मिळाला. कोकणातली गरम पाण्याची कुंडं? पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. त्यालाही मॅग्मा लागत नाही.

ज्वालामुखी जागा व्हायचा असेल तर आधी मॅग्मा वर सरकावा लागतो. तो सरकला की जमीन फुगते, छोट्या भूकंपांची रांग लागते, वायू बाहेर पडू लागतात. यातलं काहीही बुलढाण्यात नाही. आणि जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांची वाढ झाली.

२०:०० जाता जाता

लोणारला जाल तेव्हा या तीन गोष्टी बघा. कडेवर उभं राहून थर कुठल्या दिशेला झुकलेत ते बघा. दगडातले बुडबुडे शोधा, ते डायनासोरच्या काळातल्या वायूचे आहेत. आणि धारेचं पाणी बघा. आजूबाजूला कोरडं असताना कड्यातून पाणी येतं, ते खडकातल्या भेगांमधून वाट काढून.

दगड मात्र उचलून आणू नका. लोणार राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. फोटो काढा, तेवढं पुरे.

आणि शेजारी कुणी "ज्वालामुखीचं तोंड" म्हणालं, तर त्याला चहा आणि पिठल्यापासून सांगायला सुरुवात करा.

पुढच्या भागात याच सरोवराचं पाणी एवढं खारट कसं झालं ते बघू. तुमच्या गावच्या विहिरीत कुठल्या खोलीवर कुठला दगड लागला, ते मला जरूर कळवा. चला, भेटू!